चुन्यानं आखलेली होडी

रविवार, १९ ऑक्टोबर. नळदुर्ग.

मासेमारीची होडी सहा जणांची घ्यावी की चार जणांची, ठरेना. म्हणून आज अंगणात दोन्हींची मापं चुन्यानं आखली. मोठीत अब्बा, आम्ही दोघं, तिन्ही पोरं, सगळे मावतो. पण तिची कड गुडघाभर उंच. छोटीची कड वीतभरच.

आधी मोठीत बसून पाहिलं. अब्बा पुढं. रेघेबाहेर हात काढून मातीवरून फिरवत होते, पाण्यात घातल्यासारखा. माझ्या बायकोला म्हणाले, "शमीम, हलू नको, मासा पळंल."

"मासा राहू द्या अब्बा, तव्यावर भाकर करपायली!"

लहानपणी मला ते ट्रकच्या ट्यूबवर बसवून तलावात न्यायचे. मी त्यांना इतकी वर्षं नेलं नाही, ते वेळ नव्हता म्हणून, की मनावरच घेतलं नाही?

उठल्यावर माझा खांदा धरून त्यांनी रेघेवरून पाय टाकला, खरीच कड असल्यासारखा उचलून. वीतभरच उचलला गेला. "जमतंय की," म्हणाले.

छोटीच घेऊ. दोन पोरं पाळीनं काठावर थांबतील.

तलाव यंदा उन्हाळ्यापर्यंत टिकेल. अब्बांची ती वीतही टिकावी.