कावळ्याला कबूल केलेली दुर्बीण

वणी,
रविवार, ता. ७ मार्च १९६५

सकाळी सहाला उठलो. नदीपलीकडे चांदमारीवर गेलो. वीस गोळ्या झाडल्या, काही लागल्या. दहाला परत येऊन आंघोळ केली, जेवलो. जेवण अळणी होते. दुपारी डोळा लागेना म्हणून पत्र लिहायला घेतले.

ती. विठ्ठलराव यांस वासुदेवचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना मुंबईची हवा सोसत नाही हे मागच्या कार्डावरून कळले. आमची हवा कोणालाच सोसत नाही, पण ती दमट नाही एवढे तिच्या बाजूने सांगता येईल. घरी सर्व कुशल आहे असे लिहिण्याचा रिवाज आहे, म्हणून तसे लिहितो. तुमची बहीण, म्हणजे आमच्या विमलवहिनी, गेल्या मंगळवारी विहिरीवर चक्कर येऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात मीठ गेले की बरे वाटेल. ते जात नाही, आणि का जात नाही हे तुम्हाला नीट माहीत नाही. दादा गेल्याची तार तुम्हाला उशिरा मिळाली, तुम्ही तेराव्याला पोचलात. दहाव्याला नदीवर काय झाले ते घाईत तुम्हाला कोणी पूर्ण सांगितले नाही. मी तर मुळीच नाही (माझा स्वभाव तुम्ही जाणता).

पिंड ठेवले नऊला. एक वाजला तरी कावळा शिवेना. कावळे नव्हते असे नाही. बाभळीवर ओळीने बसून आमच्याकडे पाहत होते. एकेकाने पुढे होऊन दादांना सांगून पाहिले. वहिनींना अंतर देणार नाही, असे मी म्हटले. घरावरची कौले फेरू, असे मामा म्हणाले. शाळेतली मुले कवायत विसरणार नाहीत, असे हेडमास्तर म्हणाले (दादा ड्रिलचे मास्तर होते, पण मुले कवायत त्यांच्या हयातीतच विसरत). काही उपयोग झाला नाही. तेव्हा दादांच्या रायफल क्लबचे सेक्रेटरी फुलसिंग राठोड उठले. हे कापसाच्या बाजारात लिलाव पुकारतात. ते म्हणाले, "अरे, मास्तरले दुर्बीण पायजे होती ना! मेल्यावर बी तेच पाहून राह्यला असन तो." आणि हात जोडून त्यांनी बाजारातल्या आवाजात पुकारले, "मास्तर, बंदुकीले चार पटीची दुर्बीण घेऊ!" एका कावळ्याने मान वळवली. "आठ पट!" तो खाली दगडावर आला. "बारा!" दोन उड्या मारून जवळ आला. "सोळा पट! सोळा एक वार, सोळा दोन वार..." तीन म्हणायच्या आत तो शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी भाऊ म्हणून हात जोडून उभा होतोच, त्यामुळे सौदा माझ्या नावावर पक्का झाला. सोळा पटीची दुर्बीण कुठे मिळते आणि तिला काय पडते, हे त्या उन्हात कोणी विचारले नाही. वहिनी लिंबाखाली बसून ऐकत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी मीठ सोडले. मी एकदा समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, त्याईले दिसत नाही तोवर मले मीठ कायले पायजे?" समोर बसून मीठ मागण्याची छाती नाही, तेव्हा घरी मीही अळणीच जेवतो. (कचेरीत चिवडा खातो. हे त्यांना कळवू नये.)

आता दुर्बिणीचे. दादांची बंदूक पॉइंट टू-टू, म्हणजे लहान काडतुसाची, कागदावर नेम मारण्याची. ती माझ्या नावावर व्हायला दिवाळी उजाडली. मग मी नागपूरला बंदुकीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, काय मारता? मी म्हटले, कागद. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या धोतराकडे पाहिले, आणि चार पटीची एक जर्मन दुर्बीण काढली. म्हणाला, टू-टूला एवढी पुष्कळ होते. मी म्हटले, सोळा हवी. तो म्हणाला, "एवढ्या जवळून त्या कागदात काय वाचायचं आहे तुम्हाला?" शेवटी त्याने एक परदेशी सूचीपत्र दाखवले. त्यात सोळा पटीची होती. चित्र छान होते. किंमत माझ्या चार महिन्यांच्या पगाराइतकी, शिवाय बाहेरून मागवायचा परवाना लागतो. परवाना मिळेल का विचारले तर तो म्हणाला, तुम्ही तरुण आहात, अर्ज करून ठेवा. मी बेचाळीसचा आहे. नंतर मारेगावला एका मालगुजारांच्या घरी जुनी बारा पटीची आहे असे कळले, म्हणून एक रविवार चांदमारी आटोपून तिकडे गेलो. काचेच्या आत बुरशी धरली होती. समोर वेचणीला आलेला कापूस होता. मला तो धुक्यातून दिसला. मालगुजार म्हणाले, पूर्वी दिसायचे.

मग रहमत मिस्त्री मदतीला आला. याची मोटार दुरुस्तीची टपरी स्टँडजवळ आहे. दादांच्या बंदुकीचे स्प्रिंग तोच करून देत असे. त्याच्याकडे मोडीत आलेली, रस्त्याच्या मोजणीच्या दुर्बिणीची एक नळी होती. त्याने पितळी कड्या ओतून ती बंदुकीवर बसवली. आता बंदूक कमी आणि दुर्बीण जास्त झाली. उचलायला दोघे लागतात. किती पट आहे विचारले तर म्हणाला, "वीस तरी असन साहेब, चार कावळ्याले बक्षीस." रविवारी त्याला घेऊन चांदमारीवर गेलो आणि आडवा होऊन डोळा लावला. सगळे उलटे दिसले (मोजणीच्या नळीतून तसेच दिसते म्हणे). मी तसे म्हटले. रहमत म्हणाला, "गोलाले काय उलटं अन् काय सुलटं?" निशाण म्हणजे कागदावरचा काळा गोल, तेव्हा हे खरेच होते, म्हणून मी नेम धरला. नेम वर न्यायचा तर बंदूक खाली न्यावी लागे. तेवढ्यात एक म्हैस आभाळाला पाय लावून चालत आली. तिच्या पाठीवर, म्हणजे पाठीखाली, एक बगळा होता. फुलसिंग ओरडले, "थांबा! कोणाची म्हैस हाय ते!" माझ्या मनात मारायचे नव्हते, पण तिच्याकडे रोखलेली नळी पाहून गुराख्याने जे शब्द वापरले ते पत्रात लिहिण्याजोगे नाहीत. म्हैस गेल्यावर पुन्हा नेम धरला, तर निशाण उड्या मारू लागले. ठराविक वेळाने, थांबून थांबून. मला वाटले कड्या सैल आहेत. रहमतने हाताने दाबून पाहिल्या. म्हणाला, "कड्या पक्क्या हायेत साहेब. ते तुमचं काळीज उडून राह्यलं." मी श्वास रोखला. निशाण थांबले नाही. रहमत म्हणाला, चार पटीत एवढे उडत नाही. म्हणजे उडते तेवढेच, दिसते कमी. त्या दिवशी वीसपैकी एकही लागली नाही. संध्याकाळी वहिनींना नळी दाखवली. त्यांनी डोळा लावून अंगणातली तुळस पाहिली, नळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हे त्याईले नाही चालाची. उलटी कामं त्याईले खपत नव्हती." मीठ आले नाही.

तेव्हा विनंती अशी. मुंबईत जुन्या मालाचा बाजार आहे, तिथे खलाशांनी आणलेल्या वस्तू मिळतात असे रहमत सांगतो. तिथे सोळा पटीची, सरळ दिसणारी, बुरशी नसलेली दुर्बीण दीडशेच्या आत मिळाली तर घ्यावी. पैसे मनीऑर्डरने पाठवीन. वर्षश्राद्ध एप्रिलअखेर आहे. वहिनी तोवर विहिरीवर पुन्हा बसतील की काय, याची काळजी वाटते.

आपला,
वासुदेव

ता. क. सोळाची न मिळाल्यास आठाचीही चालेल, मात्र तिच्यावर सोळाचा आकडा कोरून घ्यावा. इंग्रजीत कोरावा. मराठीत कोरला तर वहिनींना संशय येईल.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचून मलाच लाज वाटली. खरे लिहितो. दादांना दुर्बीण कशाला हवी होती, तर गोळी कुठे लागली ते त्यांना दिसत नसे. दुर्बिणीचे मनात येण्याआधी चार वर्षे ते मला दर शनिवारी विचारीत, "उद्या येतं काय रे? निशाणाखाली खड्ड्यात बस अन् कुठं लागली तेवढं सांग." मी एकदाही गेलो नाही. सुटी एकच, आणि मला झोप प्रिय. मग त्यांनी विचारणे सोडले आणि दुर्बिणीचे बोलू लागले. दहाव्याला फुलसिंग सोळा म्हणाले ते शंभर माणसांनी ऐकले. त्याच वेळी मी मनात म्हणालो, दादा, येतो रविवारी. आणि कावळा शिवला. तेव्हापासून चव्वेचाळीस रविवार झाले, एक चुकवलेला नाही. बंदूक हाती येईपर्यंत खड्ड्यात बसून दुसऱ्यांच्या गोळ्या सांगत होतो. म्हणजे माझ्या समजुतीने कबूल केलेले पहिल्याच आठवड्यात पाळले गेले, आणि वहिनी दहा महिने विनाकारण अळणी खात आहेत. हे त्यांना कोणी सांगावे? मी तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा पाणी मागून परत आलो. तुम्ही त्यांचे वडील भाऊ. दुर्बीण नको. तुम्ही या आणि सांगा. रागावल्या तर माझ्यावर रागावू द्या.

ता. क. तिसरा. वहिनी शेजारी पोथी ऐकायला गेल्या आहेत, घरात मी एकटाच आहे. चुलीवर कणकेची खळ शिजली आहे. पुढच्या रविवारसाठी सकाळच्या निशाणावरच्या भोकांना कागदाचे तुकडे चिकटवायला बसतो.