दारावरचा पुकारा

१४ जून

चि. खारूस अनेक आशीर्वाद,

फोनवर तू मध्येच तोंड घालतोस, म्हणून पत्र. यात ती सोय नाही.

घरमालकावरचा माझा दावा कोर्टाने काढून टाकला. कारण, वादी गैरहजर. वादी म्हणजे मी, आणि मी सकाळपासून कोर्टाच्या दाराबाहेर बाकावर बसले होते. दरवेळी शिपाई दारात येऊन नाव पुकारतो, तसा आलाच नाही. दुपारी आत विचारलं, तर कारकून म्हणाला, पुकारा बंद झालाय. आता कृत्रिम बुद्धीची यंत्रणा तारखा लावते, फोनवर संदेश धाडते आणि उत्तर आलं नाही की गैरहजर मांडते. म्हणजे तू बनवलेलं ते लाडकं बाळच ना?

दाव्याबरोबर मनाई हुकूमही गेला. संध्याकाळी घरमालकाने माझ्या पाळणाघराला कुलूप ठोकलं. पोरांच्या गाद्या, खेळणी सगळं आत. उद्या सकाळी पोरं दारात येतील, त्यांच्या आयांना काय सांगू?

तुझी संतापलेली,
ताई

१९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान गरम झाले. पण नोंद पाहिली, तुला संदेश वेळेवर गेले होते. तुझा फोन कधी उशीखाली तर कधी डाळीच्या डब्यात सापडतो, हे घरात कोणाला माहीत नाही? ताई, या यंत्रणेमुळे वर्षानुवर्षं कुजणारे दावे हलू लागलेत. तारखांना तूच विटली होतीस. दावा पुन्हा सुरू करायचा अर्ज दे. वर कोणाशी बोलू का?

रागातही लोभ असू दे.
खारू

२३ जून

चि. खारूस आशीर्वाद (आज मोजकेच),

फोन डाळीच्या डब्यात नव्हता, कोर्टाच्या फाटकावर होता. आत फोन न्यायला बंदी आहे. पहारेकरी तो ठेवून घेतो आणि हातावर पितळी बिल्ला टेकवतो. तुझे संदेश तिथल्या फळीवर घणघणत बसले. म्हणजे हजर राहायचं तर फोन बाहेर, आणि फोन बाहेर तर माणूस गैरहजर. एवढे हुशार तुम्ही, पण फाटकातून कोणी आत गेलाच नाहीत. साहेबांच्या दाराने गेलात, फोन खिशात घालून.

आपल्या मिशनच्या शाळेत सिस्टर हजेरी घ्यायच्या ते आठवतं? तू खिडकीतून चिमण्या बघत असायचास. त्या पुन्हा नाव घ्यायच्या, मान वर करून बाकाकडे बघायच्या आणि मगच खाडा मांडायच्या. तुझ्या यंत्रणेला मानच नाही.

वर कोणाशी बोलू नकोस. ज्यांचा भाऊ तिथे नाही त्यांनी काय करायचं? अर्ज मी दिलाय. तू फक्त एकदा त्या बाकावर येऊन बस.

लोभ आटत नाही, म्हणून तर एवढी जळते आहे.
ताई

२ जुलै

ती. ताईस सा. न.

काल तुला न सांगता आलो. फोन देऊन बिल्ला घेतला, बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारे ड्रायव्हर होते, अपघाताच्या भरपाईसाठी आलेले. दुपारी कळलं, तेही गैरहजर. भांडले नाहीत, डबा उचलून निघून गेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आज यंत्रणेच्या बैठकीत कोर्टाचे साहेब म्हणाले, संदेश पाठवला की आपलं काम संपलं. मी म्हटलं, मग फाटकावर फोन काढून घेऊ नका. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की दारात पुकारा झाल्याशिवाय कोणाला गैरहजर लिहायचं नाही. बिल्ला घेऊन आत असूनही ज्यांचे दावे गेले, त्यांना शोधायला यंत्रणेलाच जुंपलंय.

तुझा,
खारू

१८ जुलै

चि. खारूस अनेक आशीर्वाद,

दावा पुन्हा सुरू झाला, कुलूप निघालं. गाद्यांना कुबट वास येतोय, आणि दोन पोरांना आयांनी दुसरीकडे घातलं. ती परत यायची नाहीत. तेव्हा राग गेला असं समजू नकोस. ड्रायव्हरचं काय झालं ते आधी कळव.

आज शिपाई दारात आला, घसा खाकरून त्याने माझं नाव पुकारलं. मला स्वच्छ ऐकू आलं, तरी मी उठले नाही. त्याने मान वर केली, बाकावरून नजर फिरवली आणि पुन्हा पुकारलं.

मग उठले.

तुझी,
ताई