ऐंशी टक्क्यांचे पेढे

प्रिय बाबा,

आज तुमच्या धाकट्या भावाचा, नानाकाकाचा रिपोर्ट आला. आजार तुमचाच, फुफ्फुसाचा. आणि काका औषध घेणार नाही म्हणतोय. तुमच्यामुळे! मग तुम्हाला नाही तर कोणाला लिहू?

तुमचा रिपोर्ट आठवतो? गाठीचा तुकडा तपासून आकडा आला होता, ऐंशी टक्के. हा आकडा जास्त असला की इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, लागू पडण्याची शक्यता जास्त, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. गणिताचे मास्तर असूनही ‘शक्यता’ तेवढी तुम्ही सोयीस्कर गाळलीत. “डिस्टिंक्शन!” म्हणालात आणि कोथरूडच्या आपल्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटलेत. कॅन्सरचे पेढे! तळमजल्यावरच्या काकूंना तर पेढा हातात घ्यावा की नाही, तेच कळेना.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या पेढ्यांचा राग येतो.

औषध लागू पडलं नाही, तेव्हा तुम्ही डॉक्टरांसमोर मान खाली घातलीत. “एवढे मार्क असून काही जमलं नाही, माफ करा.” माफी कशाची मागितलीत, बाबा? जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना धीर दिलात आणि स्वतःला मात्र नापास ठरवून गेलात. हे मला अजून सहन होत नाही.

काकाचा आकडा अगदीच कमी आलाय, पाच टक्के. “दादा ऐंशीला नापास झाला, मी पाचात काय दिवे लावणार?” एवढं बोलून तो पेपर वाचत बसला. काकू आत रडत होती.

डॉक्टर म्हणतात, आकडा कमी असला तरी केमोबरोबर हे औषध काहींना लागू पडतं. सोमवारी सुरू करता येईल; पुढे रक्ताच्या तपासण्यांवरूनही थोडा अंदाज येईल. पुन्हा अंदाजच! काकाला काय सांगायचं मी? खोटी आशा दाखवू? तीच तर तुम्हाला नडली ना?

शेवटी मी त्याच्या हातातला पेपर ओढला आणि ओरडलेच, “काका, बाबा नापास नव्हते झाले! औषध नापास झालं होतं!”

तो चष्मा पुसत म्हणाला, “सोमवारी रिक्षा लवकर बोलाव. आणि पेढे आणू नकोस.”

नाही आणणार. बाबा, तुम्हाला शब्द देते. औषध लागू पडो, न पडो, काकाला मी कोणाचीही माफी मागू देणार नाही.

तुमची,
मीनू