लेबल नसलेल्या दोन सुरया

बारोलो, रविवार

लाडक्या बाबांना दोन्ही गालांवर मुके.

मी मजेत आहे, जेवतेही नीट.

आज जेवताना सासऱ्यांनी रेड वाइनच्या दोन सुरया माझ्यापुढे ठेवल्या. "सूनबाई, चांगली कुठली?" एक त्यांच्या द्राक्षमळ्यातली, दुसरी तुम्ही लग्नात दिलेली, आपल्या मळ्यातली. आपली मी वासावरूनच ओळखली. पण चव घेताना नातं बघायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी त्यांची निवडली.

"लाडीगोडी लावतेस!" सासरे उखडले. "व्याह्यांचीच सरस आहे!"

"अहो, जिंकलात तरी भांडता?" सासूबाई हसत सुटल्या.

नाताळात तुम्हाला बोलावून समोरासमोर निकाल लावायचा, असं ठरलंय. गुडघा बरा आहे ना? रागावला असाल, तर इथे येऊनच रागवा.

तुमचीच,
ओत्ताविया