डावं पायडल उलटं आवळतं

धरणाकडचं घर, ता. औंढा
मार्गशीर्ष, सन २००४

चिरंजीव बजरंग यास थोरल्या भावाचे, म्हणजे संपतरावचे, पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल, मेंढरं खुशाल, तुझी वहिनी पंचफुलाबाई खुशाल असून तिची कंबर तेवढी नाखूश आहे. पुण्यात सुकन्याचं डोकं दुखायचं थांबलं का, आणि तुझं पित्त आता कुणावर उसळतं, ते सवडीनं कळव. माझ्या गुडघ्यांचं विचारशील, तर त्यांचीच हकिकत सांगायला बसलो आहे. दुपारचं ऊन अंगणात येऊन राहिलं आहे, मेंढरं लिंबाखाली डोळे मिटून रवंथ करताहेत, आणि त्यांच्याकडे बघता बघता माझीही लेखणी मधूनच थांबते. तेव्हा दोन ओळींत अंतर पडलं तर मी झोपलो होतो असं समज.

तुला ठाऊकच आहे की पावसाळ्यापासून माझे गुडघे माझं ऐकत नाहीत. कळप पुढं, मी मागं, आणि मधलं अंतर रोज वाढून राहिलेलं. हनुमाननं (तुझा पुतण्या, मेंढरांच्या घरात जन्मला आणि लोकरीनं शिंकतो) हे बघितलं आणि कळप विकायचं काढलं. म्हणे, मी मोबाईलचं दुकान टाकतो, तुम्ही गल्ल्यावर नुसते बसून राहा. तूही फोनवर त्याला हो म्हणालास. पण नुसतं बसून राहायचं म्हटल्यावर मी काठी उचलून कळपात जाऊन उभा राहिलो. मग डॉक्टरनं चालू नका, सायकल चालवा असं सांगितलं, आणि तू तुझ्या पोराची ती डोंगरात चालवायची सायकल ट्रॅव्हल्सच्या टपावरून धाडलीस. तुझ्या मनात असेल, दादा देवळापर्यंत जाऊन येईल. माझ्या मनात मात्र तिचे ते जाड, काटेरी टायर बघताच वेगळंच आलं. म्हटलं, हिच्यावर बसून आपण कळपामागं जाऊ.

वारंगा फाट्यावर सायकल उतरवून घेतली आणि तिथंच टांग टाकली. आता, तुझ्या पोरानं तिच्या पायडलांना पट्टे काहून लावले होते, हे त्याला विचारून कळव. पाय आत घातला की पट्टा त्याला धरून ठेवतो. चालताना ते छानच वाटलं, कुणी प्रेमानं पाय चेपतंय असं. पण हॉटेलापुढं थांबायला गेलो तर पाय काही निघेना. मग मी सायकलीसकट इतका हळू कलंडलो की चहा पिणाऱ्या ट्रकवाल्यांना कप खाली ठेवून बघायला पुरेसा वेळ मिळाला. पडल्या पडल्या वर आभाळ दिसलं. एवढं निळं आभाळ मी फार दिवसांत बघितलं नव्हतं, म्हणून जरा वेळ तसाच राहिलो. लोकांना वाटलं, म्हातारा गेला. एकानं पट्टा सोडवला, दुसऱ्यानं तोंडावर पाणी मारलं, आणि सायकल टेम्पोत घालून मी आखाडा बाळापूरच्या बाजारात शंकरसिंगच्या सायकल दुकानी गेलो.

तिथं पायडल निवडण्याचा समारंभ झाला. (तुझं लग्न ठरवताना मुलगी बघायला गेलो होतो, त्याहून जास्त वेळ लागला.) शंकरसिंगनं मागचं चाक अधांतरी टांगलं, मला वर बसवलं आणि म्हणाला, "काका, घाई नका करू. पाय कसा बसतो ते बगा." पहिलं अरुंद, दातेरी लोखंडी. ते वहाण बराबर धरी, पण तळव्याच्या मधोमध टोचे. दुसरं रबराचं, गादीसारखं मऊ. पण त्यानं माझी वहाण ओली करून बघितली तर पाय सुळकन घसरला आणि पायडल फिरून नडगीवर बसलं. मेंढरांच्या मागं फिरायचं म्हणजे दंव आहे, चिखल आहे, ते काही चालणार नाही. मग त्यानं जुन्या माल वाहायच्या तीनचाकीची जोडी काढली. चपटी, रुंद, अख्खं पाऊल मावेल अशी, कडेला बारीक खिळ्यांची टोकं वर आलेली. पाय ठेवला, आणि बजरंग, काय सांगू, ओसरीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटून पायडल मारत राहिलो. चाक जागच्या जागी फिरत होतं आणि मी मात्र धरणाच्या काठानं निघालो होतो. पाण्यावर धुकं, धुक्यात मेंढरं, गुडघ्यात कळ नाही, बाजाराचा गलका लांब लांब गेलेला. मी सवयीनं कळपाला हाळी घातली. ती मोठ्यानं गेली असावी, कारण डोळे उघडले तर विकायला आणलेल्या दोन-तीन शेळ्या दावी ओढत दुकानात शिरल्या होत्या आणि त्यांचा मालक मला शिव्या देऊन राहिला होता. एवढ्या गोंधळात शंकरसिंग सांगत होता की आटे जरासे ढिले बसलेत आणि डावं पायडल उलटं आवळतं, ध्यानात ठेवा. मी मान हलवली. पण मी अजून पुरता परत आलो नव्हतो.

घरी हनुमाननं सायकल बघितली, मला बघितलं, आणि अट घातली. "बाबा, एक दिस कळप पल्याडच्या माळावर न्या. सांजच्याला समदी मेंढरं माघारी आली, तर मी इकायचं नाव काढणार न्हाई. न्हाई आली, तर मंगळवारी व्यापारी ईल, तवा आडवं यायचं न्हाई." मी म्हटलं, व्हय. त्यानंतर रोज सकाळी मी पाना घेऊन दोन्ही पायडलं एकसारखी आवळायचो, लेकराला न्हाऊ घालावं तशा मायेनं. उजवं घट्ट होत गेलं. डावं माझ्याच हातानं रोज थोडं थोडं सुटत होतं, हे मला कुठं ठाऊक!

ठरल्या दिवशी निघालो. चढ आला की उतरायचो, सपाटी आली की बसायचो, आणि माळाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा खाली सगळं पाणीच पाणी चमकत होतं. उतार लागला. पायडल मारायची गरजच नव्हती. दोन्ही पाय सारखे टेकलेले, वारा कानाशी काहीतरी सांगत असलेला, आणि पुढं कळप काळ्या-पांढऱ्या ढगासारखा घरंगळत चाललेला. मला वाटलं, मी चाललोच नाही, माळच माझ्याखालून हळूहळू सरकून राहिला आहे. वाटलं, हे असंच चालू द्यावं. तेवढ्यात डाव्या पायाखाली काहीच नाही असं जाणवलं. पायडल माझ्या आधी उडी मारून बाभळीत गेलं होतं. ढग दुभंगला, मेंढरांनी मला अदबीनं वाट दिली, आणि मी सायकलीसकट काठच्या चिखलात जाऊन बसलो. लागलं काहीच नाही. चिखल उन्हानं कोमट होता.

सांजेला कळप घरी आला. हनुमाननं दारात उभं राहून दोनदा मोजला; एकही मेंढरू कमी नव्हतं. मग त्यानं चिखलानं माखलेल्या बापाकडे आणि एका पायडलाच्या सायकलीकडे बघून विचारलं, "ह्याला आणनं म्हनायचं का?" मी म्हटलं, आणनं न्हाई तर काय? तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

सुकन्याला आणि लेकरांना आशीर्वाद. इकडची काळजी करू नये.
तुझा दादा,
संपतराव

ता. क. पुण्यात चपटी, रुंद, खिळ्यांची नवी पायडलं मिळतात असं शंकरसिंग म्हणतो. जोडी धाड. पट्टे नकोत.

ता. क. दुसरा. पायडलं मागून आली तरी चालतील. खरं काम असं की मंगळवारच्या आत हनुमानला फोन कर आणि अट पुरी झाली असं सांग. तो माझं ऐकत नाही, काकाचं ऐकतो.

बजरंगभावजींस पंचफुलाचा नमस्कार. हे मेंढरांना पाणी दाखवायला गेलेत म्हून लिहिते. कळप मी माघारी आणला. मी दिसभर भाकरी घेऊन मागंच व्हते, सायकल बी चढाला मीच ढकलली, ते त्यांनी लिहिलं न्हाई. मी खाली पोचले तवा हे चिखलात बसून एकलेच हसून राहिले व्हते. पाऊसकाळापासून त्यांचं हसू म्या ऐकलं नव्हतं, म्हून मी बी लगेच उठा म्हनले न्हाई, जरा बाजूला बसले. हनुमानला तुमी फोन करून ठनकावून सांगा, मेंढरं आईनं आणली म्हंजे घरच्यानंच आणली. आन् पायडलं धाडाल तर जरा मोठी धाडा. उताराला मला बी बसून बघायचं हाय.