उजव्या बाजूचा खिसा

१२ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण तुम्ही शिलाई मशीन चालू ठेवून बोलता आणि प्रत्येक प्रश्नाला नुसतं हं म्हणता. हा प्रश्न हं म्हणून सुटणारा नाही, म्हणून पत्र.

आमच्या कार्टून मालिकेचा नववा भाग मी एकटीने लिहिला आहे, पहिल्यांदाच. मालिकेतलं कुटुंब मुलांच्या आजोळी जातं. त्या गावाला एका सिनेमा नटाने पार झपाटलेलं असतं. न्हावी येईल त्याचे केस त्या नटासारखे कापतो, टक्कल असलेल्यालाही आधी फोटो दाखवतो. फोटो स्टुडिओत नटाचा पुठ्ठ्याचा पुतळा आहे, त्याच्या खांद्यावर हात टाकून लोक फोटो काढून घेतात. थिएटरचा तिकीटवाला नावडत्या माणसाला तिकिटाबरोबर सिनेमाचा शेवटही सांगून टाकतो. ही सगळी मंडळी तुमच्या गल्लीतली आहेत, ते तुम्ही ओळखलं असेलच. आणि त्यात एक शिंपी आहे.

हा शिंपी सिनेमा यायच्या आधीच पोस्टर बघून नटाचा शर्ट शिवतो. छापखान्याने फोटो उलटा छापलेला असतो, त्यामुळे खिसा उजवीकडे येतो आणि गावभर तीच फॅशन होते. मामीने ही गोष्ट मला मागे सांगितली होती. तिला काही बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं होतं.

आमच्या मुख्य लेखिकाबाईंचं म्हणणं, या गल्लीतल्या गमती गल्लीबाहेर कोणाला कळायच्या. शिंप्यापाशी मात्र त्या हसल्या आणि म्हणाल्या की, हा राहिला तर भाग उभा राहील. चित्रं काढणाऱ्या मुलांनी दोनदा चूक समजून खिसा डावीकडे सरकवला, तो मी दोनदा परत आणला.

तीस तारखेला भाग पक्का होईल, मग बदल नाही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी शिंपी ठेवणार नाही. काही चित्रं सोबत पाठवते आहे.

रागावलात तरी लोभ तेवढाच असू द्या.

तुमची,
बटण

१६ मार्च

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, चित्रंही पोचली. दुसरीत असताना माझ्या डब्यातलं बटण गिळलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोरगी माझ्या दुकानातलं काही सोडणार नाही.

उत्तर नाही असं आहे. तो खिसा ही चूक नव्हती. विचार करून उजवीकडे घेतला होता. तुझी मामी तेव्हा या घरात आली पण नव्हती, तिला काय ठाऊक. न्हावी, फोटोवाला, तिकीटवाला यांचं काय करायचं ते कर. तिकीटवाल्याची तर मला हौसच आहे, त्याने माझे चार सिनेमे नासवले. माझी गोष्ट तेवढी वगळ.

मात्र चित्रांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या शिंप्याने अंगुस्तान अंगठ्यात घातलं आहे. ते मधल्या बोटात असतं, नाहीतर सुई ढकलणार कशी? कापड हवेत धरून कापतो आहे. अगं, कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलं असतं, ते उचललं की कापड पळालं. टेप गळ्यात आहे ते ठीक, पण गाठ मारली आहे. असा माणूस माप घेणार की फास घेणार? आणि पोट इतकं मोठं कशाला? बसून काम करणारा असला म्हणून काय झालं.

मामी विचारते, जेवणखाण वेळेवर करतेस का. उलट टपाली कळव.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझा,
मामा

१९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जेवते वेळेवर. शिंपी काढला.

रुसून लिहीत नाही. तुम्ही नको म्हणालात, विषय संपला. बाईंनी सुचवलं होतं की शिंप्याऐवजी चांभार करू, खिशाऐवजी बूट. मला ते पटलं नाही. कपडे बदलले तरी माणूस तुम्हीच राहिला असतात, आणि मग तुम्हाला विचारून फसवल्यासारखं झालं असतं.

त्या जागी आता नट पाहुणा म्हणून गावात येतो आणि पुठ्ठ्याच्या पुतळ्यावर आपटतो. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले, पण अशी आपटाआपटी कुठल्याही भागात चालते. बाईंनी भाग नापास केलेला नाही, पुढचा मला एकटीला देतील की नाही तेवढं सांगता येत नाही. असो.

अंगुस्तान कुठल्या बोटात ते मात्र आता आमच्या इथे सगळ्यांना पाठ आहे.

राग धरू नका, माझाही नाही.

तुमची,
बटण

२३ मार्च

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू शिंपी काढलास आणि एका शब्दाने टोमणा मारला नाहीस, तेव्हा दोन दिवस कामाला हात लागेना.

चूकच होती ती, लग्नानंतर मामीला मीच सांगितली होती. त्या शर्टाला बटणं नव्हती, पुढे चेन होती. बटणं असती तर काजाची बाजू बघून फोटो उलटा आहे हे मला त्याच क्षणी कळलं असतं. अकरा शर्ट दिल्यावर सिनेमा लागला. पडद्यावर खिसा डावीकडे दिसला. सगळे परत मागवून नीट करून द्यायचे असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर दारात आपला पोस्टमन, त्या अकरांतलाच एक शर्ट घालून.

तो डावखुरा, तुला आठवत असेल. डाव्या हाताने डाव्या खिशातलं पेन काढायला त्याला मनगट मुरडावं लागायचं. त्याने भर गल्लीत सगळ्यांना सांगितलं की, आजवर त्याचा विचार करून कोणी काही शिवलं नव्हतं, या माणसाने शिवलं. त्याचे डोळे भरले होते. आता सांग, मी काय बोलणार होतो? मग बाकीच्यांनीही तसाच मागितला, आणि मी ती आपली कल्पना म्हणून मिरवत राहिलो.

तो अजून रोज सकाळी दुकानात पेपर वाचायला येतो. त्याचा प्रत्येक शर्ट मी तसाच शिवतो. टीव्हीवर बघून त्याला कळलं असतं की, विचार वगैरे काही नव्हता, फक्त उलटा फोटो होता. मला भीती होती ती याची.

काल त्याला नवीन शर्टासाठी उभा केला. पाठीचं माप घेताना सांगून टाकलं, म्हणजे तोंड बघावं लागत नाही. तो हललासुद्धा नाही. म्हणाला की, त्याने तो सिनेमा माझ्याही आधी, पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला बघितला होता. खिसा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, बोललो असतो तर तू इमानदारीने उसवून डावीकडे लावून दिला असतास.

बेट्याने म्हणून माझ्या आधी दारात येऊन गल्ली गोळा केली होती. पाठीचं माप दोनदा चुकलं माझं.

तेव्हा तीस तारीख उलटली नसेल तर शिंपी परत घे. पोस्टमनही घे, तो डावखुरा दाखव, आणि चित्रं काढणाऱ्या पोरांना सांग, त्याचा हात सरळ करायला जाऊ नका.

लोभाला वेगळं माप लागत नाही.

तुझा,
मामा

९ जून

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाग आम्ही दुकानातच बघितला. टीव्ही कापायच्या टेबलावर ठेवला होता आणि निम्मी गल्ली बाकांवर होती. तिकीटवाल्याला कोणीतरी शेवट आधीच सांगून ठेवला, त्यामुळे तो फुगून बसला होता. पोस्टमन स्वतःला बघून एवढंच म्हणाला की, त्याची सायकल जास्त चांगली होती. तुझे मामा पोटाबद्दल अजून कुरकुरतात, मी त्यांना आरसा दाखवला.

त्यांनी हो म्हटल्यावर बाईंनी तुला पुढचे दोन भाग एकटीला दिले, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मलाही सांगितलं, तीनदा.

सोमवारपासून कॉलेजची मुलं उजव्या खिशाचा शर्ट मागायला येऊ लागली आहेत. इतकी वर्षं कोणी विचारलं तर मामा सांगायचे की, यात विचार आहे, तुम्हाला कळणार नाही. आता माप घ्यायच्या आधी प्रत्येकाला बाकावर बसवतात आणि आपली कशी चूक झाली ते पोस्टरपासून सांगतात. पोस्टमन मध्येच पेपर खाली ठेवून त्याच्या वाट्याचं सांगतो. शर्ट नेहमीपेक्षा दोन दिवस उशिरा मिळतो, पण एकही मुलगा कुरकुर करत नाही.

येशील तेव्हा सवड काढून ये, तुलाही ऐकावं लागेल. आहे हा जिव्हाळा असाच चालू दे.

तुझी,
मामी