सांध्यात दोष नाही

शनिवार, ५ ऑक्टोबर

मशीन आले. घेऊन येणारे दोघे नळी जोडून देतो म्हणत होते. नको म्हणालो. दुसऱ्याने जोडलेल्या नळीवर माझा विश्वास बसत नाही, मग झोप लागत नाही. तंत्रशाळा मी तिसऱ्या वर्षी सोडली, पण पाण्याचा भाग दुसऱ्याच वर्षी शिकवून झाला होता.

दार उघडून पाहिले तर आत पाण्याचे थेंब. नव्या मशीनमध्ये पाणी? कोणीतरी आधी वापरले आहे. दुकानात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, कारखान्यात तपासताना राहते. फार पटकन म्हणाली. उत्तर तयार ठेवलेले होते.

दुपारी जोडणी. गावी आमच्या मशीनची नळी टबाच्या काठावर टांगलेली असे आणि तिच्या तोंडाला आईचा जुना नायलॉनचा मोजा बांधलेला असे. कपड्यांचा भुगा त्यात अडकायचा. हल्ली ही काळजी कोणी घेत नाही. यास्ना बाळंतपणासाठी तिचे सगळे कपडे माहेरी घेऊन गेली आहे, म्हणून वरच्या मजल्यावर झागोर्काबाईंकडे मोजा मागितला. एकट्याच असतात, बाल्कनीत मिरच्या भाजत होत्या. तपकिरी, जाड, उत्तम मोजा दिला. आणखी काही सांगत होत्या, पण लिफ्ट आली होती.

मोजा नळीला घट्ट बांधला. नळी टबात न सोडता भिंतीतल्या पाइपात आत खोल घातली आणि सांधा सिलिकॉनने बंद केला. आता तो मलाही उघडता येणार नाही. काम असे असावे.

रविवार, ६ ऑक्टोबर

नवे टॉवेल धुतले. पाणी सरसर गेले. यास्नाला फोन केला. ती म्हणाली, बरं.

ठरले ते असे. सत्तावीस तारखेला बाळाचे चाळीस दिवस पुरे होतात. त्या रविवारी यास्ना बाळाला घेऊन चर्चमध्ये प्रार्थनेला जाईल आणि तिथून सरळ इकडे येईल. सासूबाईंचे म्हणणे वेगळे. त्यांचे जुने मशीन अजून चालते, बाल्कनीत ऊन येते, बाळाचे कपडे अंधार पडायच्या आत वाळतात, मग घाई कसली. बोलतात गोड. पण त्यांना यास्ना आणि बाळ तिथेच ठेवून घ्यायचे आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून कळते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

चादरी, नवी दुपटी, पुन्हा टॉवेल. सराव म्हणून. पाणी गेले, पण रेंगाळत. पंपाचा आवाज बदलला आहे. आधी गुणगुणत होता, आता कण्हतो.

मशीन समपातळीत नसेल. पायाखाली पुठ्ठा घातला. सुटले.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सुटले नाही. काचेआड अर्धे पाणी तसेच. लाल दिवा लागला.

पुस्तिकेत चार कारणे दिली आहेत. शेवटचे कारण नळीचे तोंड बंद असणे. ते गाळले, कारण तो सांधा मी स्वतः केला आहे.

सासूबाईंनी भरलेल्या मिरच्या पाठवल्या होत्या. मशीनसमोर बसून, टॉवेल मांडीवर घेऊन खाल्ल्या. विचार करताना पोटात काही असलेले बरे.

रविवार, १३ ऑक्टोबर

पुरावा सापडला.

सकाळी पाणी कसेबसे काढून कालचा टॉवेल धुतला, पुन्हा लाल दिवा. खालचा फिल्टर उघडला. त्यात मिरचीचे बी. एकच, पण स्पष्ट. माझ्या घरी कोणी मिरच्या भाजत नाही. वर झागोर्काबाई पोती भरभरून भाजतात आणि धुतात. ते पाणी वरून भिंतीतल्या पाइपात उतरते, माझ्या सांध्यापाशी थबकते आणि नळीतून आत शिरते. म्हणजे माझे पाणी बाहेर जात नाही असे नाही. त्यांचे पाणी आत येते आहे.

आणि मोजा इतक्या सहज का दिला? तेव्हाच खटकायला हवे होते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

लिफ्टजवळ नोटीस लावली. सभ्य भाषेत. कोणाचेही नाव नाही, फक्त मजला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

नोटिशीखाली कोणीतरी लिहिले आहे की व्लास्ताला बायको आणून द्या, म्हणजे तो पाइपांशी बोलायचे थांबेल. एका वाक्यात दोन चुका. त्या लाल पेनने दुरुस्त केल्या. मजकूर तसाच ठेवला.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

प्लंबर स्तोय्चे येऊन गेला. राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, ग्लास हातात घेऊनच मशीनभोवती फिरला, कान लावला, म्हणाला, सांधा उघडून बघू. मी म्हटले, सांधा सोडून काय हवे ते बघा. तो म्हणाला, सांधा सोडून मग भिंत आहे आणि तुम्ही आहात. ग्लास संपवला आणि गेला.

जाताना बाळाची आई कशी आहे असे विचारत होता. झागोर्काबाईही परवा हेच विचारत होत्या. या दोघांचे बोलणे झालेले आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

वर जाऊन स्पष्ट विचारले. झागोर्काबाई मिरच्यांची साले काढत होत्या, हात कोपरापर्यंत लाल. मी बी दाखवले. कागदात गुंडाळून नेले होते. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि एवढेच विचारले, "व्लास्ता, नळी कुठे सोडली आहेस?"

मी म्हटले, ती माझी खासगी बाब आहे.

त्यांनी दार लावून घेतले. निर्दोष माणूस दार लावत नाही. आणि त्यांना नळीच्या जागेशी काय करायचे आहे? जागा कळली की काम सोपे, म्हणूनच ना?

सोमवार, २१ ऑक्टोबर

यास्नाचा फोन. तिने शांतपणे सांगितले, "मशीन चालत असेल तर येते. नसेल तर थंडी संपेपर्यंत आईकडेच राहते. टाके अजून दुखतात, व्लास्ता. टबात वाकून दुपटी धुणं मला नाही जमायचं."

मागून सासूबाई काहीतरी बोलल्या. ऐकू आले नाही, पण सूर आनंदी होता.

मी म्हटले, मशीन उत्तम चालते.

हे खोटे नाही. धुते उत्तमच. फक्त पाणी सोडत नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

नवी पद्धत. धुणे झाले की फिल्टरखाली ताट सरकवायचे, पाणी थोडे थोडे सोडायचे, मगने बादलीत भरायचे, बादली टबात. कपडे हाताने पिळायचे. सवय झाली की फारसा वेळ लागत नाही. यास्ना बाळाला पाजत असेल तेव्हा दार लावून करता येईल. तिला कळण्याचे कारण नाही. वसंतापर्यंत तरी सहज निभेल.

मनगट सुजले आहे.

शनिवार, २६ ऑक्टोबर

घर लखलखीत. पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून निळ्या मण्यांची माळ बांधली. बादल्या पलंगाखाली. उद्या आल्या आल्या मशीन लावायचे नाही, एवढे पथ्य पाळले की झाले. पाहुण्यांसमोर मशीन कोण लावते?

रविवार, २७ ऑक्टोबर

सासूबाईंनी लावले.

चर्चमधून तिघी आल्या. बाळ झोपलेले, यास्ना फिकट पण हसरी. सासूबाईंच्या एका हातात गोल पाव, दुसऱ्या हातात बॅग. बॅग मोठी होती. कोट काढायच्या आधी त्यांनी बाळाची दुपटी ड्रममध्ये टाकली आणि बटण दाबले. म्हणाल्या, जावईबापूंचं मशीन बघू तरी. मी दार लावून घेऊ का विचारले. त्या म्हणाल्या, कशाला, त्याला लाज वाटते का?

मधेच लाल दिवा लागला. सासूबाईंनी खाली वाकून फिल्टर फिरवला. ताट ठेवा म्हणेपर्यंत पाणी त्यांच्या चर्चच्या बुटांत शिरले होते. त्यांनी पावाची सुरी आणली, सिलिकॉन कापले आणि नळी ओढली.

मोजा बाहेर आला. भरलेल्या मिरचीसारखा टम्म फुगलेला, करडा.

यास्नाने तो दोन बोटांत धरला. बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. विचारले, "हा कोणाचा?"

मी म्हटले, झागोर्काबाईंचा. खरे तेच सांगितले. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

तेवढ्यात झागोर्काबाई स्वतःच दारात. बाळ पाहायला, आयव्हारची, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, बरणी घेऊन. नोटिशीनंतरही आल्या. मोजा पाहिला आणि म्हणाल्या, "टबात सोडणार असशील तर बांध, भिंतीत नको, असं सांगत होते मी. पण याची लिफ्ट आली होती."

यास्ना टबाच्या काठावर बसून हसू लागली. हसता हसता पोट धरले, टाके दुखले म्हणाली, तरी थांबेना. बाळ जागे झाले. इतक्या दिवसांनी या घरात आवाज झाला.

सासूबाईंनी नळी टबाच्या काठावर टांगली, पायातला ओला मोजा काढून तिच्या तोंडाला बांधला. पाणी सरसर गेले.

पावाचे तुकडे सगळ्यांनी मोडून खाल्ले. झागोर्काबाईंनी विचारले, ते बी अजून आहे का? मी म्हटले, आहे. यास्ना म्हणाली, माझ्या आईच्या मिरच्यांचं असेल, खाताना टॉवेल मांडीवर घेतोस ना. मी विषय बदलला.

संध्याकाळ. यास्ना आणि बाळ झोपली आहेत, इथे, आपल्या खोलीत. हे लिहून ठेवतो.

सांधा कापायला सुरी लागली, म्हणजे सांधा उत्तमच होता. हे कोणाच्या लक्षात आले नाही.

सासूबाई थंडी संपेपर्यंत इथे राहणार आहेत. नळीवर कोणाचे तरी लक्ष हवे म्हणाल्या. आत्ता माझ्या कपाटातला वरचा कप्पा रिकामा करत आहेत. बॅगेत लोकरीचे झगे आहेत, हिवाळ्याचे बूट आहेत. मशीन बिघडल्यावर भरलेली ही बॅग नाही. घरून निघतानाच भरलेली आहे.

माझा संशय बरोबर होता. फक्त मजला चुकला.